नक्कलकारांचे ऋण

ग्रंथालयापासून दूर राहणे ही केंद्र सरकारच्या नोकरीतील एक अलिखित अट आहे, असे आमचे मत अलीकडे पक्के होत चालले आहे. बदलीच्या हुकुमात प्रवासभत्त्याचा उल्लेख असतो, रुजू होण्याच्या मुदतीचा असतो. नव्या गावी वाचनालय आहे की नाही, याचा मात्र नसतो. आमची आसामातील एका जिल्ह्याच्या गावी बदली झाली तेव्हा सामानात पुस्तकांची एकच पेटी होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्यातील निम्मी पुस्तके बुरशीने धरली. तेव्हापासून आमचे वाचन बव्हंशी पडद्यावर चालते. या पडद्यावरच्या वाचनाला नाके मुरडणारे स्नेही आम्हांला पुष्कळ आहेत. पूर्वी आम्हीही त्यांच्यातच होतो. पण गेल्या काही वर्षांत या वाचनामागे उभा असलेला एक मोठा आणि विलक्षण इतिहास आमच्या ध्यानात आला. तो आमच्यासारख्याच दूरस्थ वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. आमच्या महाविद्यालयात सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजी वाङ्मय म्हणजे शेक्सपिअरची दोन नाटके, बेकनचे चार निबंध, मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग आणि या सर्वांना पुरून उरणारे एक गाईड. हे लेखक ज्या गर्दीत वावरले, ज्या पत्रकांशी भांडले, ज्या प्रवासवर्णनांनी त्यांची कल्पना चेतवली, ती सारी गर्दी आमच्या लेखी नव्हतीच. ती पाहायची तर लंडन, ऑक्सफर्ड किंवा वॉशिंग्टन गाठले पाहिजे, अशी समजूत होती. आणि ती चुकीचीही नव्हती. मग एका पावसाळी रात्री, वीज गेलेली असताना, फोनच्या उजेडात आम्ही १५८९ साली लंडनमध्ये छापलेल्या एका ग्रंथाची पाने वाचीत बसलो. त्यासाठी पैसा पडला नाही, ओळखपत्र दाखवावे लागले नाही, कोणाची शिफारस लागली नाही. हे घडले कसे, या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही यंत्रांपाशी पोहोचण्याऐवजी माणसांपाशी पोहोचलो, आणि तीही बहुतेक आमच्याच जातकुळीची: नोंदी ठेवणारी, याद्या करणारी, नकला उतरणारी.

त्यांतील पहिला मानकरी लंडनचा पुस्तकविक्रेता जॉर्ज थॉमसन. सेंट पॉलच्या आवारात ‘रोज अँड क्राउन’ या चिन्हाचे त्याचे दुकान होते. १६४० च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये ती दीर्घकाळ चाललेली पार्लमेंट बसली, छापखान्यांवरचा राजाचा दाब सैल झाला आणि लंडनच्या रस्त्यांवर पत्रकांचा पूर आला. आज विकत घ्यावे आणि उद्या त्यात लोणी गुंडाळावे, अशी त्या कागदांची योग्यता. थॉमसनने ठरवले की जे जे छापले जाईल ते ते आपण जमवायचे. राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध झाले, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला, क्रॉमवेल आला आणि गेला, १६६० साली राजपुत्र परतला. थॉमसन १६६१ पर्यंत जमवीतच राहिला. युद्धाच्या धामधुमीत त्याला हा संग्रह लंडनबाहेर हलवावा लागला. शेवटी बावीस हजारांवर कागद झाले. पुढे १७६२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला; त्यासाठी मोजलेली किंमत होती तीनशे पौंड.

परंतु थॉमसनचे खरे मोठेपण आम्हांला वेगळ्याच गोष्टीत दिसते. कागद हाती आला की त्यावर तो आल्याची तारीख घालीत असे. मुखपृष्ठावर छापलेले साल पुष्कळदा नुसते साल असते. थॉमसनच्या हातची नोंद महिना आणि दिवस सांगते. मुद्रणापूर्वी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध मिल्टनने लिहिलेल्या ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ या पुस्तिकेची प्रत लेखकाकडून भेट म्हणून आली आणि तिच्यावर १६४४ च्या नोव्हेंबरची २४ तारीख पडली; म्हणून आज अभ्यासकाला त्या पुस्तिकेचा काळ नेमका सांगता येतो. कार्यालयात आवक टपालावर तारखेचा शिक्का मारण्याचे काम नव्या उमेदवाराला देतात आणि ते हलके समजतात. थॉमसनचे उदाहरण वाचल्यापासून त्या शिक्क्याकडे आम्ही जरा आदराने पाहू लागलो आहो. एका पत्रकाला दुसऱ्याने उत्तर दिले, की दुसऱ्याला पहिल्याने, हे ज्या एका खुणेवरून ठरते, तिला हलके कसे म्हणावे?

संग्रह झाला तरी सूची झाल्याशिवाय तो असून नसल्यासारखाच. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. तेव्हापासून काय काय छापले गेले आणि त्याच्या प्रती कोठे आहेत, याची एकत्र यादी व्हायला साडेचारशे वर्षे जावी लागली. ए. डब्ल्यू. पोलार्ड आणि जी. आर. रेडग्रेव्ह यांनी १४७५ ते १६४० या काळातील इंग्रजी छापील ग्रंथांची संक्षिप्त सूची १९२६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात सव्वीस हजारांवर नोंदी होत्या. येल विद्यापीठाचे ग्रंथपाल डोनाल्ड विंग यांनी १६४१ ते १७०० चा भाग उचलला आणि १९४५ ते १९५१ या वर्षांत तीन खंडांत पुरा केला. पहिल्या सूचीची सुधारून वाढवलेली आवृत्ती तर पुढे कॅथरिन पँट्झर या विदुषींच्या हातून पूर्ण झाली. तिचा दुसरा खंड १९७६ साली आधी निघाला, पहिला १९८६ साली आणि तिसरा १९९१ साली. ज्यांनी कार्यालयात पुरवणी आधी आणि मूळ अहवाल मागाहून पाठवला आहे, त्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

या सूचींनी प्रत्येक ग्रंथाला एक क्रमांक दिला. हा क्रमांक म्हणजे पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया. नाव बदलते, वर्णलेखन बदलते, एका पुस्तकाच्या चार आवृत्त्यांची मुखपृष्ठे एकसारखी दिसतात. क्रमांक मात्र घोटाळा होऊ देत नाही. १९७० च्या दशकात अठराव्या शतकासाठी संगणकावर एक सूची सुरू झाली, तिने पुढे या दोन्ही जुन्या सूची पोटात घेतल्या आणि ‘इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग’ या नावाने १४७३ ते १८०० हा सारा काळ व्यापला. साडेचार लाखांवर नोंदी आणि दोन हजारांवर ग्रंथालये तिच्यात आली.

याद्या असल्या तरी ग्रंथ मात्र दूरच होते. त्यांना जवळ आणण्याची युक्ती अमेरिकेतील यूजीन पॉवर या गृहस्थाने काढली. अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावी त्याने १९३८ साली ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ नावाची कंपनी स्थापन केली आणि पोलार्ड-रेडग्रेव्ह यांच्या क्रमांकांनुसार ब्रिटिश म्युझियममधील जुन्या ग्रंथांची सूक्ष्मचित्रे घेऊन ती फीत अमेरिकेतील विद्यापीठांना वर्गणीने विकण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९४१ च्या मे महिन्यात ब्रिटिश म्युझियमवर बाँब पडले आणि लाखावर पुस्तके जळाली. ब्रिटनमधील हस्तलिखितांची आणि दुर्मिळ कागदांची चित्रे नाश होण्यापूर्वी घेऊन ठेवावीत, म्हणून अमेरिकन विद्वत्संस्थांनी युद्धाच्या काळातच मोठी मोहीम उघडली, आणि तिच्यातही या कंपनीचे कॅमेरे होते. एका माणसाने धंदा म्हणून सुरू केलेले काम अशा रीतीने संरक्षणाचे काम ठरले.

हीच फीत पुढे साठ वर्षे देशोदेशींच्या ग्रंथालयांत डोळे बारीक करून वाचली गेली. १९९८ साली तिच्यावरून घेतलेली चित्रे ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ या नावाने इंटरनेटवर आली; सव्वा लाखाहून अधिक ग्रंथ, १४७३ पासून १७०० पर्यंतचे. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पडद्यावर जे दिसते ते ग्रंथाचे चित्र नव्हे. ग्रंथाच्या चित्राचे चित्र आहे. मूळ चित्र कृष्णधवल, त्यामुळे लाल शाईने छापलेली अक्षरेही काळीच दिसतात. कागदाच्या पाठीमागची अक्षरे पुढे उमटून येतात. दोन्ही हातांनी उचलावा लागणारा पोथा आणि बाहीत लपवता येणारी चिमुकली प्रार्थनापुस्तिका पडद्यावर सारख्याच आकाराची होते. बहुधा एका आवृत्तीच्या एकाच प्रतीचे चित्र घेतलेले असते. त्या प्रतीचे पान फाटलेले असेल, तर वाचकाच्या दृष्टीने त्या ग्रंथाचेच पान फाटले.

आणि एक प्रत म्हणजे ग्रंथ नव्हे, हे तर शेक्सपिअरच्या बाबतीतच सिद्ध झाले आहे. त्याच्या नाटकांचा १६२३ सालचा जो पहिला मोठा संग्रह, त्याच्या सुमारे २३५ प्रती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी ८२ एकट्या वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत. चार्ल्टन हिन्मन या संशोधकाने तेथे आरशांचे आणि दिव्यांचे एक यंत्र बसवून पन्नासाहून अधिक प्रतींचे पान पानाशी ताडून पाहिले. छपाई चालू असतानाच मुद्रितशोधन होत असे, पण चुकीची पाने फेकून देत नसत. त्यामुळे एका प्रतीत चूक, दुसरीत दुरुस्ती, असे घडले. अक्षरजुळणी करणारे कामगार किती होते, हेही कळले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हिन्मनने ते पाच धरले. त्यांची ओळख पटली ती त्यांच्या सवयींवरून: एक जण काही साध्या शब्दांच्या शेवटी एक जादा स्वर जोडी, दुसरा तो गाळी. नावे मात्र सापडली नाहीत. म्हणून विद्वानांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरेच दिली. ज्यांनी आयुष्यभर अक्षरे जुळवली, त्यांच्या वाट्याला इतिहासात एकेक अक्षर आले.

हे वाचून आम्ही काही दिवस अस्वस्थ होतो. आणि या अस्वस्थतेला पुढे एक दुसरी जोड मिळाली.

चित्रे वाचता येत होती, पण त्यांत शब्द शोधता येत नव्हता. यंत्राने अक्षरे ओळखावीत म्हटले, तर सतराव्या शतकातील झिजलेले खिळे, शाईचे डाग आणि ‘एफ’ सारखा दिसणारा लांब ‘एस’ यांपुढे तेव्हाची यंत्रे हात टेकीत. तेव्हा मिशिगन आणि ऑक्सफर्ड ही विद्यापीठे आणि चित्रांची मालक कंपनी यांनी १९९९ साली एक भागीदारी केली, तिचे नाव ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’. माणसांनी चित्र समोर ठेवून प्रत्येक अक्षर टंकायचे, असा सरळ आणि जुना मार्ग तिने पत्करला. अचूकतेची अट वीस हजार अक्षरांत एकाहून अधिक चूक नसावी, अशी. प्रत्येक ग्रंथाचा सुमारे विसावा हिस्सा संपादकांनी तपासायचा, आणि नापास झाला तर काम परत. जे अक्षर वाचता आले नाही त्याच्या जागी अंदाज न करता एक ठिपका ठेवायचा. ग्रीक-हिब्रू लिपीतला मजकूर आला तर तो गाळून तशी खूण करायची. अंदाजाने रकाना भरण्यापेक्षा कोरा ठेवून खूण करणे किती कठीण असते, हे ज्यांनी कधी वार्षिक विवरणपत्र भरले आहे त्यांना सांगायला नको.

या मार्गाने सुमारे साठ हजार ग्रंथ टंकून झाले. त्यांतील पंचवीस हजारांवर ग्रंथ १ जानेवारी २०१५ रोजी साऱ्या जगाला मोकळे झाले, आणि उरलेले बहुतेक २०२० साली. चित्रांचा भांडार आजही वर्गणीदार विद्यापीठांपुरता आहे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला तो हा टंकलेला पाठ. आणि तो थोडाथोडका नव्हे.

या पाठाच्या आरंभी एक छोटी नोंद असते, जशी आमच्या फाइलीला टिपणी असते. मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची, टंकन केव्हा झाले, कोणत्या कंपनीने केले, नमुना कोणी तपासला, अंतिम संस्कार कोणी केला. तपासणाऱ्याचे नाव असते. टंकणाऱ्याचे नसते, तेथे कंपनीचे नाव असते. हे टंकनाचे काम ठेक्याने दिले गेले आणि त्यांपैकी काही भारतातही झाले. म्हणजे आपल्याच देशातील कोणा तरुणाने किंवा तरुणीने एखाद्या शहरातील कार्यालयात बसून, अक्षरामागे ठरलेल्या दराने, चारशे वर्षांपूर्वीची परकी प्रवचने, नाटके, घोड्यांच्या औषधांची पुस्तके आणि राजद्रोहाचे खटले अक्षरशः उतरून काढले; आणि आम्ही आसामातल्या खोलीत बसून ते फुकट वाचतो. लंडनच्या जुळाऱ्याला विद्वानांनी निदान एक अक्षर तरी दिले. याला तेवढेही मिळालेले नाही. या वाङ्मयाची चर्चा करणाऱ्यांनी मोठ्या विद्यापीठांचे आभार मानावेत, ते योग्यच आहे. पण आमची कृतज्ञता आधी या अनामिकाकडे जाते. आम्हीही मसुदे उतरतो. आमच्या मसुद्याखाली सही दुसऱ्याची असते.

आता आमची एक फजिती सांगितली पाहिजे, कारण साधनाचा उपयोग कळायचा तर दुरुपयोगही कळावा लागतो. येथील मराठी मंडळींच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात आम्हांला बोलण्याची आज्ञा झाली. नव्याने हाती आलेल्या शस्त्राचा मोह आवरला नाही. १७०० पूर्वीच्या इंग्रजी छापील ग्रंथांत छत्रपतींचे नाव आम्ही शोधले. आज आपण रोमन लिपीत लिहितो त्या वर्णक्रमाने शोधले. एकही आढळ नाही. ‘सतराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथकारांनी महाराजांची दखलच घेतली नाही,’ असा सिद्धांत आम्ही सभेत ठणकावून मांडला, आणि त्यावर इंग्रजांच्या दृष्टिहीनतेविषयी चार वाक्ये टाळ्या घेऊन गेली. कार्यक्रम संपल्यावर एक वयोवृद्ध सभासद चहाचा पेला हातात घेऊन जवळ आले.

“फ्रायर पाहिलात का हो तुम्ही?”

आम्ही पाहिला नव्हता.

“आणि नाव शोधलेत ते कोणत्या स्पेलिंगने?”

आमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. १६७० च्या दशकात तो मुंबई-सुरतेकडे वावरला, जुन्नरपर्यंत जाऊन आला, आणि हिंदुस्थान व इराण यांच्या वर्णनाचा त्याचा ग्रंथ १६९८ साली लंडनमध्ये छापला गेला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडी गेलेल्या ऑक्झिंडनच्या वकिलातीची हकीकत त्यात आहे. महाराजांचे नाव तो ‘सेवा जी’ असे दोन तुकड्यांत लिहितो. आम्ही शोधत होतो एक शब्द. तो होता दोन, आणि वर्णही निराळे. हाक्लुइट सोसायटीने १९०९ ते १९१५ या वर्षांत तीन खंडांत काढलेली त्या ग्रंथाची आवृत्ती आम्ही त्यानंतर वाचली, आणि पुढच्या सभेत उभे राहून आमचे विधान मागे घेतले. टाळ्या अर्थातच कमी पडल्या.

तात्पर्य असे की त्या काळच्या छापील इंग्रजीत वर्णलेखनाचा नियम स्थिर झालेला नव्हता. सोळाव्या शतकातील जुळारी शब्दाच्या आरंभी ‘व्ही’ आणि मध्ये ‘यू’ घाली, मग उच्चार काहीही असो. त्यामुळे प्रेमासारखा नित्याचा शब्ददेखील आजच्या वर्णक्रमाने शोधला तर निम्माशिम्मा हरवतो. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना यात नवल नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत. वाचणाऱ्याने प्रसंगावरून अर्थ लावायचा असतो. यंत्राला प्रसंग कळत नाही. ‘आढळ नाही’ हे त्याचे उत्तर ‘तुम्ही विचारले तसे आढळ नाही’ एवढ्याच अर्थाने घ्यावे. शिवाय टंकनासाठी बहुधा इंग्रजी ग्रंथ आणि तेही पहिल्या आवृत्त्या निवडल्या गेल्या; लॅटिन ग्रंथ बहुतांशी बाजूला राहिले. त्या काळचा विद्वान तर निम्मा लॅटिनमध्ये जगत होता. जे टंकले गेले त्यालाच सर्वस्व मानणारा अभ्यासक आमच्यासारखाच सभेत फसेल.

याच भांडाराच्या आसपास इतर साधने उभी राहिली आहेत, त्यांचा उल्लेख धावता करतो. ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश २००० सालापासून इंटरनेटवर आहे. टोरोंटोचे जुन्या शब्दकोशांचे भांडार, त्या काळच्या माणसाला एखाद्या शब्दाचा काय अर्थ वाटे, ते त्याच्याच तोंडून सांगते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे २००३ साली सुरू झालेल्या संग्रहात एका पेनीला रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांची पाने चित्रांसह, पाठासह आणि गायलेल्या चालींसह ठेवली आहेत. सॅम्युअल पीप्स या आरमारी खात्याच्या अधिकाऱ्याने जमवलेली सुमारे अठराशे गाणीही त्यात आहेत. तोही सरकारी नोकरच होता, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

एवढे सगळे वाचून, आता भूतकाळ सुरक्षित झाला, असे कोणाला वाटेल. आम्हांलाही वाटले होते. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. चोरलेली माहिती उघड्यावर टाकली गेली आणि यंत्रणा उद्ध्वस्त झाली. वाचनालयाची मुख्य सूची २०२४ च्या जानेवारीत अपुऱ्या स्वरूपात परतली. पण ज्या ‘शॉर्ट टायटल कॅटलॉग’चे वर वर्णन केले, तो पुढे कित्येक महिने बंद होता, आणि युरोपातील संशोधन-ग्रंथालयांच्या संघाने आसरा दिला तेव्हा कोठे पुन्हा चाळता येऊ लागला. त्या काळात जगभरच्या अभ्यासकांनी कपाटांतून पोलार्ड-रेडग्रेव्ह आणि विंग यांचे जाडजूड खंड धूळ झटकून काढले असतील, यात आम्हांला शंका नाही. ग्रंथ जाळायला १९४१ साली बाँबवर्षाव करणारी विमाने लागली. आता ग्रंथांकडे जाणारी वाट बंद करायला तेवढेही लागत नाही.

आता आरंभी सांगितलेल्या त्या पावसाळी रात्रीकडे येतो. आम्ही जो ग्रंथ वाचीत होतो तो रिचर्ड हाक्लुइटचा इंग्रजी सागरप्रवासांचा संग्रह. त्यात एक पत्र आहे. विल्टशरमधून आलेल्या एका तरुण इंग्रज जेझुइटाने १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून आपल्या वडिलांना ते लिहिले. लिस्बनहून एप्रिलमध्ये निघालेले गलबत, आफ्रिकेच्या टोकाचे वादळी वळण, खलाशांचे आजार, अथांग समुद्रावर दिसणारे पक्षी आणि मासे, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दृष्टीस पडलेला गोव्याचा किनारा. घरापासून फार दूर, पहिल्याच नेमणुकीवर पोहोचलेल्या मुलाचे ते पत्र आहे. आमच्या वाचकांपैकी कितीकांनी तशी पत्रे लिहिली असतील! पत्राखालचे नाव वाचून आम्ही उठून बसलो. थॉमस स्टीफन्स. आपले फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराणाचे कर्ते.

पुढे चाळीस वर्षे हा माणूस गोव्याकडेच राहिला आणि तेथेच १६१९ साली वारला. त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले, ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. मराठीचा तो एवढा मोठा छापील ग्रंथ. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. बापाला लिहिलेले घरगुती पत्र इंग्रजी सूचींनी, इंग्रजी कॅमेऱ्यांनी आणि अनाम टंकणाऱ्यांनी जपून आसामपर्यंत पोहोचवले. आणि आयुष्याचे सार ज्यात ओतले तो मराठी ग्रंथ छापील स्वरूपात नाहीसा झाला. मग आज आपण ख्रिस्तपुराण वाचतो ते कशाच्या आधारे? हाताने उतरलेल्या प्रतींच्या. गोव्याच्या आणि मंगळूरच्या बाजूच्या भाविक घरांतून कोणी कोणी ते लिहून घेतले, त्यांवरून १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरास आवृत्ती काढली. आणि पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रतही मिळाली. छापखाना हरला तेथे नक्कलकार पुरून उरला.

या एका योगायोगाने आमच्यापुरता सारा इतिहास एका सूत्रात ओवला गेला. इंग्रजीचे जुने वाङ्मय आज साऱ्या जगाला खुले आहे, याचे कारण त्या भाषेचे दैव थोर, एवढेच नाही. कोणी तारखा घातल्या, कोणी याद्या केल्या, कोणी चित्रे घेतली, कोणी अक्षर अक्षर उतरले, आणि प्रत्येकाने मागच्याचा क्रमांक पुढे चालवला. आपल्याकडेही शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंत नेली. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० च्या दशकात ४५ भागांत निघाले. पाया घातलेला आहे. भिंती उभ्या करायला विद्वानच लागतात असे नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे जुन्या मराठी घराण्यांचे आणि संस्थांचे संग्रह आहेत. आणि याच गावी नेमणुकीवर असलेले आमचे वाचकही आहेत. सुटीच्या दिवशी मंडळाच्या कपाटातील जुन्या पुस्तकांची नावे, कर्ते, छापखाने आणि साले एका वहीत उतरून काढणे, हे काम कोणत्याही लिपिकाला साधण्याजोगे आहे. किंबहुना लिपिकालाच उत्तम साधेल.

आम्ही आमच्यापुरता आरंभ केला आहे. येथील मंडळात तीन कपाटे आहेत. ती कोणा कोणाच्या बदलीच्या वेळी मागे राहिलेल्या पुस्तकांनी भरलेली. त्यांतील एका कपाटाची यादी झाली, दुसऱ्याची चालू आहे. जे साल वाचता येत नाही, तेथे आम्ही अंदाज न करता ठिपका ठेवतो. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, नोंद ज्या दिवशी केली त्या दिवसाची तारीख घालतो.